नाभीय अंतर : आयग्लास, आरसा आणि चाळिशी

हिऱ्यांना पैलू पाडणारे बावन्न वर्षांचे एक खानदेशी गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. दूरची दृष्टी उत्तम. मात्र घंटीवरचा हिरा धूसर दिसू लागला होता. 'नंबर वाढवला की जास्त दिसेल' या समजुतीने त्यांनी परस्पर +३ नंबरची तयार चाळिशी घेतली. तिने घंटीवरचे काम सुधारले नाहीच. मजुरी नगावर असल्याने मिळकतही घटली होती. "साहेब, डोळे गेले का हो माझे?" त्यांनी विचारले. डोळे निरोगी होते; चुकले होते ते नाभीय अंतर.

मुख्य अक्षाला समांतर येणारे किरण बहिर्गोल भिंगातून गेल्यावर ज्या बिंदूत एकत्र येतात ती मुख्य नाभी, आणि भिंगापासून तिचे अंतर म्हणजे नाभीय अंतर, ही व्याख्या आपण शाळेत पाठ केली. तीच उलट वाचावी. नाभीवर ठेवलेल्या वस्तूचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. दूरचे स्पष्ट पाहणाऱ्या शिथिल डोळ्यास असेच किरण हवे असतात. चाळिशीचे मर्म येथे आहे.

आपण ज्यास 'नंबर' म्हणतो तो डायॉप्टर, म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्तांक होय. +१ चे नाभीय अंतर १०० सेंमी, +२ चे ५० सेंमी, +३ चे सुमारे ३३ सेंमी. नंबर वाढतो तसे हे अंतर घटते. मी त्या गृहस्थांना कामाच्या पवित्र्यात बसवून डोळ्यापासून घंटीपर्यंतचे अंतर मोजले. ते ५० सेंमी भरले. +३ च्या चष्म्याने ३३ सेंमीपलीकडचे सारे धूसरच दिसणार!

त्यांच्या खिशातील दसपट आयग्लास हेही भिंगच. स्पष्ट दृष्टीचे किमान अंतर २५ सेंमी मानले, तर त्याचे नाभीय अंतर २.५ सेंमी. म्हणूनच हिरा त्याच्या इतक्या जवळ धरावा लागतो.

अंतर्गोल आरशात किरण परावर्तित होऊन नाभीत मिळतात. तेथे नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या कपाळावरील आरशाची त्रिज्या ४० सेंमी असेल, तर नाभीय अंतर २० सेंमी. आरसा पाण्यात बुडवला तरी ते बदलत नाही. भिंगाचे मात्र बदलते. डोळ्याच्या शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग हवा आणि पारपटल यांच्या सीमेवर निर्माण होतो. तापीत डोळे उघडे ठेवून बुडी मारली की ही शक्ती जवळजवळ नाहीशी होते आणि सारे अस्पष्ट दिसते.

त्या गृहस्थांना +२ चा चष्मा दिला आणि हिरा स्पष्ट झाला. वैद्यकबंधूंना माझी एवढीच विनंती आहे, की चाळिशीचा नंबर लिहिण्यापूर्वी रुग्णाचे वय विचारावे, तसेच त्याचे काम डोळ्यापासून किती अंतरावर असते हेही अवश्य विचारावे.