एक दिवस, दोन पाऊस

मुलांनो, पुणे-दौंड लोहमार्गावर खुटबाव हे छोटेसे स्थानक आहे. चला, जुलै महिन्यात तेथून मुंबईला जाऊ या.

सकाळी खुटबावला आकाश ढगाळ असते. पण पाऊस मात्र रिमझिम. पुण्याला उतरून छत्री उघडा आणि १७३२ साली बांधून झालेला शनिवारवाडा पाहा. मग मुंबईची गाडी धरा. लोणावळा येताच खिडकी लावून घ्यावी लागेल, इतका जोराचा पाऊस! पुढे बोरघाट. हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. येथे गाडी बोगद्यांतून जाते आणि डोंगरावरून धबधबे कोसळतात.

एकाच दिवशी एवढा फरक का? समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना थंड होतात व तेथेच बरसतात. पलीकडे पाऊस कमी होत जातो. त्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. दौंड तालुका त्यातच येतो.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे पाणी पानशेत, वरसगाव आणि खडकवासला या धरणांत साठते. खडकवासल्याचा कालवा ते दौंड तालुक्यातील शेतांपर्यंत नेतो.

आता सांगा, सह्याद्रीवर पाऊस कमी पडला, तर दौंडच्या शेतकऱ्याला काळजी का वाटते?