योजना त्याची, चाकरी आपली



आषाढीच्या वाटेवर विसाव्याच्या ठिकाणी एका वृद्ध माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, पाऊस पडला म्हणून पेरलं, अन् पुढं थेंब नाही. बी करपलं. विठोबाच्या मनात हेच होतं का?"

शास्त्रातले उत्तर आमच्या जिभेवर होते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी कर्माची फोड करून सांगता आली असती. पण त्याचा चेहरा पाहिला आणि आम्ही गप्प राहिलो. प्रारब्धाचा सिद्धांत ज्याने त्याने स्वतःस लावावयाचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो चोळला की मीठ होतो. मग आम्ही त्यास एका परधर्मी भक्ताची गोष्ट सांगितली. साधू कोणत्याही देशीचा असो, त्यास दंडवत घालण्यास वारकऱ्याला अडचण नाही.

देहूस तुकोबाराय कीर्तन करीत होते, त्याच काळी, इ. स. १६४० च्या सुमारास, फ्रान्स देशात पॅरिस नगरीतील कार्मेलाइट नावाच्या कॅथॉलिक मठात एक माजी शिपाई दाखल झाला. युद्धात जखमी होऊन तो लंगडा झालेला. मठात त्यास ब्रदर लॉरेन्स म्हणू लागले. विद्या बेताची, म्हणून काम मिळाले मुदपाकखान्याचे. त्या कामाचा त्यास मुळात तिटकारा! तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने तेथे भांडी हलविली. पुढे पायताणे सांधली. तव्यावरचे धिरडे उलटायचे तेही देवासाठी, भुईवरची काडी उचलायची तीही देवासाठी, असा त्याचा नेम. आपले सावता महाराज अरणला मळ्यात आणि जनाबाई जात्यावर जे करीत, तेच हे.

एकदा मठासाठी द्राक्षमद्य आणण्यास त्यास दूर बर्गंडी प्रांती धाडले. (आपणांस ते वर्ज्य, त्यांच्या पूजेत ते चालते.) व्यवहार कळत नाही, पाय अधू; नावेत पिंपांवरून लोळत सरकावे लागे. त्याने देवास एवढेच सांगितले की काम तुझे आहे. आणि काम नीट पार पडले.

येथे कोणी म्हणेल, काम फत्ते झाले म्हणून भरवसा टिकला; बी करपलेल्याने काय करावे? शंका रास्त आहे. म्हणून त्याच्या चरित्रातला दुसरा भाग पाहा. मठात आल्यावर चार वर्षे त्यास वाटे की आपण देवाने टाकलेले, आपणांस सद्गती नाही. कोणाच्या बोलण्याने ते जाईना. अखेर त्याने ठरविले, तारो वा न तारो, मरेपर्यंत जे करीन ते त्याच्या प्रेमासाठी करीन. देवाची योजना त्यास कळली नव्हती. कळण्याचा हट्ट तेवढा त्याने सोडला. योजना कळली तरच विश्वास ठेवू म्हणणे ही सावकारी झाली; तिला शरणागती म्हणत नाहीत.

आता दुसरा पूर्वपक्ष. सर्व त्याच्या हाती, तर आपण स्वस्थ का बसू नये? कारण शरणागतीने कर्तेपणाचा अभिमान टाकावयाचा असतो, कर्तव्य नव्हे. लॉरेन्सने चुलीपुढून पळ काढला नाही. अर्जुनास भगवंतांनी निमित्तमात्र हो म्हटले, पण रथातून उतर म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. शेजाऱ्याचे बी करपले असता "देवाची इच्छा" म्हणून आपण टाळ कुटीत बसलो, तर तो दंभ होय. कोण जाणे, देवाच्या योजनेतले बियाणे आपल्याच कणगीत असेल!

गोष्ट ऐकून तो माळकरी बराच वेळ बसून राहिला. पोर गेलेल्या माणसाला काही सांगावे, तसा आम्हांस संकोच वाटत होता. मग पडशी उचलून तो म्हणाला, "द्वादशी सोडतो अन् रान पुन्हा कुळवतो. पाऊस त्याच्याकडं, कुळव माझ्याकडं."

आम्ही त्याच्या पायी लागलो. निरूपण त्यानेच पुरे केले होते.

रामकृष्ण हरि.