शकुंतला आणि अडीच फुटांचा हिशेब

यवतमाळचं जुनं स्टेशन म्हणजे शकुंतलेचं स्टेशन. इथून मूर्तिजापूरपर्यंतचा ११३ किलोमीटरचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभारला, तो वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला नेण्यासाठी. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर! गेज लहान असलं की वळणं तीव्र घेता येतात, भराव अरुंद पुरतो, गाडी हलकी म्हणून पुलांवरचा भारही कमी. काम स्वस्तात उरकतं.

पण मूर्तिजापूरला मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची. तिथे कापसाची गाठ न् गाठ उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायची. (परीक्षेत ‘ब्रेक ऑफ गेज’चे तोटे आपण पाठ करतो, ते हेच!) पुढे ट्रक थेट जिनिंगच्या दारात येऊ लागले, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण करणार? १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये थांबलं, डिझेल आलं. रूळ मात्र तेवढेच राहिले. शेवटी गोरगरिबांची ही गाडीच बंद पडली.

शकुंतला ब्रॉडगेज करा, ही जिल्ह्याची जुनी मागणी. पण त्यासाठी नुसते रूळ रुंदावून भागायचं नाही. हलक्या गाडीच्या हिशेबाने बांधलेला प्रत्येक पूल नव्या भारासाठी पुन्हा तपासावा लागेल, बहुतेक ठिकाणी नव्यानेच बांधावा लागेल.