वड्याचें तेल वांग्यावर

मोठें संकट आलें असतां माणसें बहुधा सावध होतात. घरास आग लागली, नदीस पूर आला किंवा घरांतील कर्तें माणूस अंथरुणास खिळलें, म्हणजे शेजारीपाजारी धांवून येतात, जुनीं भांडणें बाजूस पडतात, आणि एरवीं तापट म्हणून ओळखला जाणारा गृहस्थही काय करावें तें शांतपणें विचारूं लागतो. परंतु तोच गृहस्थ मोबाइलवर नको तो फोन तिसऱ्यांदा आला म्हणून पुढचें ताट ढकलून उठतो, आणि सुट्टे पैसे नाहींत म्हणून एस. टी. च्या कंडक्टराशीं अर्ध्या वाटेपर्यंत हुज्जत घालतो. डोंगर ओलांडून जाणाऱ्यास वहाणेंतील खड्यानें खालीं बसवावें, त्यांतलाच हा प्रकार होय. या खड्यांविषयीं आज आपण वाचकांसह थोडा विचार करूं.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत रिचर्ड लाझारस या नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1981 सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठीं 100 मध्यमवयीन स्त्रीपुरुषांस 117 बारीकसारीक कटकटींची एक यादी देण्यांत आली, व सरत्या महिन्यांत यांपैकीं कोणत्या गोष्टींनीं त्रास दिला याची खूण त्यांनीं दहा महिने करावी असें ठरलें. त्याच लोकांच्या आयुष्यांत घडलेल्या मोठ्या घटनाही टिपून घेतल्या होत्या. मनाच्या अस्वास्थ्याशीं या दोहोंपैकीं कशाचा संबंध अधिक जवळचा आहे असें पाहतां तो कटकटींचा आहे असें आढळून आलें. पुढें 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, रोजच्या लहान त्रासानें ज्यांचें मन अधिक बिघडतें, त्यांस दहा वर्षांनंतर मनाचे विकार होण्याचा संभव अधिक असतो.

लाझारस यांच्या मंडळींस ज्या गोष्टी अधिक जाचत होत्या त्यांत शरीराचें वजन, वाढती महागाई, वस्तु हरवणें व अंगणांतील कामें यांचा समावेश होता. आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींनीं अशी यादी केली तर वजनाची काळजी बहुधा तळाशीं जाईल. तिच्या माथ्यावर शेतपंपाची वीज अपरात्रीं येणें, बँकेंत गेल्यावर "सर्व्हर बंद आहे" असें उत्तर मिळणें, ओटीपी म्हणून जो आकडा यावयाचा तो शहरांत असलेल्या मुलाच्या फोनवर जाणें, आणि रेशनच्या दुकानांत मशीननें थम न घेणें, याच गोष्टी येतील.

या सर्व कटकटींत एक गोष्ट समान आहे. ज्यानें अडचण उत्पन्न केली तो समोर नसतो, व जो समोर असतो त्यानें ती उत्पन्न केलेली नसते. पूर्वीं वाण्यानें माप कमी भरलें तर ज्याचा दोष त्याच्याशींच भांडतां येत असे. आतां दोष कोठें तरी दूर, तारेच्या पलीकडे असतो, आणि आमचा राग मात्र हाताशीं असलेल्या माणसावर निघतो. वड्याचें तेल वांग्यावर काढणें तें हेंच.

रेशनच्या थमाचीच गोष्ट घेऊं; ती नीट समजून घेण्यासारखी आहे. दुकानांत जें लहान यंत्र असतें त्याच्या कांचेवर कार्डांत नांव असलेल्या माणसानें बोट ठेवावयाचें, यंत्रानें तो ठसा आधारच्या मध्यवर्ती नोंदीशीं ताडून पाहावयाचा, व जुळला म्हणजे पावती निघावयाची. आधारचा देशांतील पहिला क्रमांक आमच्या महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं, 29 सप्टेंबर 2010 रोजीं दिला गेला.

एका गांवीं आम्हीं स्वतः पाहिलें तें सांगतों. सत्तरीच्या घरांतील एक आजी सुनेस बरोबर घेऊन दुकानाच्या दारीं उभ्या होत्या. जन्म शेतमजुरींत गेलेला. दुकानदारानें अंगठा ठेवण्यास सांगितलें, यंत्रानें नाकारला. पदरास पुसून पुन्हां ठेविला, पुन्हां नाकारला. असें पांच वेळां झालें. मागील रांगेंतून कोणी म्हणाला, "आटपा कीं आजी, आम्हालाबी घरं हायेत." आजींचा संताप दुकानदारावर कोसळला. "माझं धान्य गिळायचंय तुला, मेल्या!" तोही चिडला. "मी काय करूं आजी? मशीन घेत नाहीं. उद्यां या." दुसऱ्या दिवशींही तेंच झालें. आजींस हात धरून आणावें लागे, म्हणून सुनेची मजुरी दोन्ही दिवस बुडाली. ज्या तरुणानें घाई केली त्याचीं फार तर दहा मिनिटें गेलीं.

येथें दोष कोणाचा? प्रथम बोटाकडे पाहूं. बोटाच्या टोकास ज्या बारीक रेषा असतात त्या सिमेंट, चुना, राख, माती व दोर यांच्या घर्षणानें झिजतात. वय झालें म्हणजे कातडी कोरडी व सैल होते, आणि रेषांचा उठाव कमी होतो. म्हणजे ज्यानें जन्मभर अधिक काम केलें त्याचाच हात यंत्रास ओळखूं येत नाहीं! मात्र या रेषांचें मूळ कातडीच्या आंतील थरांत असतें, म्हणून कांहीं आठवडे ते काम सुटलें तर त्या पुष्कळदां पुन्हां उमटतात. दुसरें असें कीं, ठसा चांगला असूनही जाळें मंद असेल तर उत्तर येत नाहीं. तिसरें, मध्यवर्ती यंत्रणाच अडली तर साऱ्या तालुक्याचीं दुकानें एकदम थांबतात. हीं तिन्ही कारणें अगदीं निराळीं आहेत, पण दाराशीं उभ्या असलेल्या माणसास तिन्ही वेळां एकच वाक्य ऐकूं येतें: "मशीन घेत नाहीं." यासाठीं यंत्रावर काय उमटलें तें दुकानदारास वाचावयास सांगावें. आधारच्या पद्धतींत 300 हा आकडा ठसा न जुळल्याचा आहे. तो आला तर जाळ्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

आणि अंगठाच कां? आमच्या देशांत निरक्षर माणसाचा अंगठा कागदावर उठविण्याची चाल जुनी आहे. बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अंमलदारानें 1858 सालीं करारावर हाताचा ठसा घेतला, व 1897 सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरीही निघाली. त्या चालीमुळें बोट म्हटलें कीं अंगठाच पुढें करावयाचा असें आमच्या हाडीं खिळलें आहे. परंतु आधारच्या नोंदींत दहाही बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतलेली असते. अंगठा झिजला असला तरी मधलें किंवा अनामिका हें बोट पुष्कळदां शाबूत असतें. हात धुवून पुसावा, बोट फार कोरडें असल्यास किंचित् ओलसर करावें, यंत्राची कांच पुसून घ्यावी, व बोट सपाट टेकावें. फार जोरानें दाबल्यास रेषा एकमेकींस चिकटतात. त्या आजींचें डाव्या हाताचें मधलें बोट तिसऱ्या दिवशीं पहिल्याच वेळेस जुळलें. हें आधीं कोणीच करून पाहिलें नव्हतें.

एकही बोट जुळलें नाहीं तर काय? तरीही धान्य नाकारतां येत नाहीं. केंद्राच्या अन्न खात्यानें ऑक्टोबर 2017 मध्यें राज्यांस कळविलें आहे कीं, ठसा न जुळल्यामुळें किंवा जाळें नसल्यामुळें कोणासही परत पाठवूं नये. रेशनकार्ड व आधारकार्ड पाहून धान्य द्यावें व तशी निराळी नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालांतही केवळ ओळख पटण्यांतील बिघाडामुळें हक्काचा माणूस वंचित राहूं नये हें तत्त्व मान्य झालें आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे. त्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबास दर माणशीं महिन्यास 5 किलो व अंत्योदय कुटुंबास एकूण 35 किलो धान्य मिळावयाचें असतें, आणि 1 जानेवारी 2023 पासून तें मोफत आहे. इतकें ज्यास ठाऊक आहे त्यास आवाज चढविण्याची गरज बहुधा पडत नाहीं.

आम्ही दुकानदारांची वकिली करीत आहों असें मात्र कोणी म्हणूं नये. "थम आला नाहीं" ही सबब करून धान्य मागें ठेवणाराही एखादा निघतो. त्याच्यापुढें मुकाट्यानें हात जोडून उभें राहणें म्हणजे सहनशीलता नव्हे. त्याच्याकडे पावती मागावी, गांवांतील दोन माणसें साक्षीस घ्यावीं, व 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. राग आलाच तर तो कामास लावावा. नुसता आरडाओरडा ऐकण्याची अशा दुकानदारास संवयच झालेली असते.

कटकट लहान कीं मोठी हें तिच्या आकारावरून ठरत नाहीं, हेंही येथें ध्यानांत यावें. तासभर वाया गेला तर मासिक पगार घेणाऱ्याचा तासच जातो. रोजंदारीवरील बाईचा बहुधा सबंध दिवस जातो, आणि त्या दिवसाबरोबर संध्याकाळची भाजी जाते. म्हणून "एवढ्याशा गोष्टीसाठीं काय चिडायचें?" असा उपदेश करण्यापूर्वीं, ती गोष्ट ज्याच्यावर आली त्याच्या गांठीं काय शिल्लक आहे तें पाहावें. हा उपदेश खुर्चीवर बसलेले लोक उभ्या असलेल्यांस फार करितात.

कांहीं कटकटींत तर कोणाचाच अपराध नसतो. आपली रांग थांबते व शेजारची सरकते, असें नेहमींच कां होतें? कारण अगदीं साधें आहे. तीन सारख्या रांगा असल्या तर आपली रांग सर्वांत जलद असण्याचा संभव तिनांत एक. म्हणजे तीन वेळांपैकीं दोन वेळां दुसरी कोणती तरी रांग पुढें जाणारच. शिवाय आपण लवकर सुटलों तो दिवस आपण विसरतों, आणि अडकलों तो लक्षांत ठेवितों. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनींत आग्नर एर्लांग नांवाचे गणिती होते. त्यांनीं टेलिफोनची मागणी केव्हां व किती येईल यावर 1909 सालीं निबंध लिहिला, व त्यांतूनच पुढें रांगांचें एक सबंध शास्त्र उभें राहिलें. सर्वांची एकच रांग करून जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढच्या माणसास पाठविणें न्यायाचें असतें, हें आतां पुष्कळ ठिकाणीं मान्य झालें आहे. आमच्या बाजारगांवच्या एका कचेरींत मात्र अजून तीन खिडक्या, तीन रांगा व एकच कारकून अशी स्थिति आहे.

दहा रुपयांच्या नाण्याचेंही असेंच आहे. कोणी दुकानदार तें घेत नाहीं, कोणी त्यावर रुपयाचें चिन्ह नाहीं म्हणून तें खोटें ठरवितो, आणि भांडण जुंपतें. वास्तविक तें चिन्हच 2010 सालीं ठरलें. त्यापूर्वीं पाडलेल्या नाण्यांवर तें कसें असावें? रिझर्व्ह बँकेनें जानेवारी 2018 मध्यें जाहीर केलें कीं, तोंपर्यंत निघालेलीं चौदाही प्रकारचीं नाणीं चालतात. नाणें नाकारणारा बहुधा लबाड नसतो. त्यास तें पुढें कोणी घेणार नाहीं अशी भीति असते. त्यास हें चिन्हाचें साल सांगावें. भांडणापेक्षां त्याचाच उपयोग अधिक होतो.

राहतां राहिले नको असलेले फोन. गुडघाभर चिखलांत भातलावणी चाललेली असावी, खिशांत घंटा वाजावी, मुलाचा फोन असेल म्हणून हात धुवून बांधावर यावें, आणि पलीकडून कोणी कर्ज घेतां कां असें विचारावें, यानें संत माणसाचेंही डोकें फिरेल. परंतु पलीकडे जी मुलगी बोलते तिनें आमचा क्रमांक निवडलेला नसतो. तो यंत्रानें तिच्यापुढें टाकलेला असतो. दिवसाकाठीं शेंकडों लोक तिला नाहीं म्हणतात, आणि त्यांतले पुष्कळ वाईट शब्दांत म्हणतात. तिला शिव्या दिल्यानें आमचा क्रमांक त्या यादींतून निघत नाहीं. आपल्याच फोनवरून 1909 हा क्रमांक फिरवून असे फोन नकोत अशी नोंद करावी. त्यानंतरही आले तर त्याच क्रमांकावर तक्रार करावी. ती फोन आल्यापासून सात दिवसांच्या आंत करावी लागते, म्हणून कोणत्या क्रमांकावरून, कोणत्या तारखेस व कशासाठीं फोन आला तें घरांतील शाळकरी मुलाकडून वहींत लिहवून ठेवावें.