हरितलवके उचलणारी समुद्री गोगलगाय : एका जुन्या धड्याची दुरुस्ती

आमचा विषय इतिहास. तथापि वसतिगृहाच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत आम्ही विद्यार्थ्यांना विज्ञानातील गोष्टीही सांगत आलो. त्यांतील हिरव्या समुद्री गोगलगाईची गोष्ट अनेक तुकड्यांनी ऐकली आहे. ते विद्यार्थी आज पालक आहेत, काही स्वतः शिक्षक आहेत. त्या गोष्टीचा एक भाग चुकीचा ठरला आहे. तो दुरुस्त करणे हे आमचे कर्तव्य आहे, म्हणून हा लेख.

गिरणेच्या पात्रातील दगडांवरचे शेवाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या पेशींतील हरितलवके सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीत इलिसिया क्लोरोटिका नावाची, शंख नसलेली गोगलगाय राहते. ती व्हाउचेरिया या शैवालाचा धागा दाताने छेदून आतील द्रव शोषते. बाकी सारे पचवते. हरितलवके मात्र आपल्या आतड्यालगतच्या पेशींत राखून ठेवते. तिचे अंग पानासारखे हिरवे होते आणि प्रयोगशाळेत ती अन्नाविना अनेक महिने जगते.

मालवणच्या समुद्रातील प्रवाळही शैवालाच्या आधाराने जगतात. परंतु तेथे संपूर्ण, जिवंत शैवाल प्रवाळाच्या देहात वस्ती करते. आपल्या शिवारातील तुरीच्या मुळांवरील गाठींतही जिवाणू सबंध असतात. गोगलगाय मात्र केवळ हरितलवक घेते, शैवालाचे केंद्रक नव्हे. खरा प्रश्न येथेच उभा राहतो. हरितलवकाला लागणारी बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या आज्ञेने बनतात. केंद्रकच नसताना ते चालते कसे?

आम्ही वर्गात सांगत असू, की गोगलगाईने शैवालाची जनुकेही उचलली आहेत. २००८ मध्ये काही संशोधकांनी तसा पुरावा मांडला होता. पुढे २०१३ मध्ये गोगलगाईच्या अंड्यांतील डीएनए तपासला गेला, तेव्हा त्यात शैवालाची जनुके आढळली नाहीत. २०१४ मध्ये अशाच दोन अन्य जातींना दीर्घकाळ अंधारात उपाशी ठेवण्यात आले, त्याही जगल्या. म्हणजे प्रकाशावाचून त्यांचे प्राण अडत नाहीत, हेही दिसले.

मग हरितलवके टिकतात कशी? विहिरीवरचा पंप बिघडला, की गावाहून मिस्त्री बोलवावा लागतो. काही हत्यारे घरीच असली, तर काम काही दिवस भागते. प्रखर प्रकाशाने हरितलवकातील प्रथिने सतत झिजतात. झिजलेले प्रथिन काढून टाकणाऱ्या यंत्रणेचे एक जनुक व्हाउचेरियाच्या हरितलवकात स्वतःचेच असते. टिकाऊपणाचे ते एक कारण असावे, असे अभ्यासकांना वाटते. २०२५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी इलिसिया क्रिस्पाटा या जातीत आणखी एक गोष्ट दाखवली : गोगलगाय हरितलवकांना आपल्याच पटलाच्या पिशवीत ठेवते आणि आतील रासायनिक स्थिती सांभाळते. दीर्घ उपासमारीत ती हीच हरितलवके पचवू लागते, आणि तिचा हिरवा रंग नारिंगी होतो. त्यामुळे ती वीजघराइतकीच धान्याची कणगीही असावी, असे आता म्हणावे लागते. शिवाय हा साठा वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने मिळवावा लागतो.

इतिहासात एखादा ताम्रपट खोटा ठरला, तर त्यावर रचलेली वंशावळ आपण मोडतो. विज्ञानातही हाच नियम आहे. केवळ गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, हा कालामांना केलेला तथागतांचा उपदेश आम्ही प्रार्थनेनंतर मुलांना समजावीत आलो. तो आमच्या धड्यालाही लागू होतो. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आमच्याकडून ऐकलेली जनुकांची गोष्ट आपल्या मुलांना वा वर्गाला सांगितली असेल, त्यांनी ती या दुरुस्तीसह पुन्हा सांगावी. पूर्वी आपण काय मानत होतो आणि ते कोणत्या पुराव्याने सोडले, हेही त्यांना अवश्य सांगावे.