लेबलवरचं चित्र कुणाचं?

ताईंनो, आपल्या गटांचं डाळिंबाचं सरबत, पेरूची जेली, लोणची, पापड आता फक्त यात्रेपुरते राहिले नाहीत. एमआयडीसीतल्या कँटीनला किंवा सोलापूर रस्त्यावरच्या दुकानाला माल द्यायचा म्हटलं की लेबल लागतंच. मग कुणीतरी मोबाईलवर झकास चित्र शोधतं, प्रेसवाल्याला पाठवतं आणि हजार लेबलं छापून येतात. चित्र कुणी काढलं, हे विचारायचं मात्र राहूनच जातं.

मोबाईलवर दिसलं म्हणजे फुकट झालं, असं नाही. दुसऱ्याच्या बांधावरचा आंबा हाताला लागतो, म्हणून तो आपला होत नाही. तसंच हे.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र काढलं की त्यावर चित्रकाराचा हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. चित्रावर नाव नसलं तरी हक्क असतोच. हा हक्क चित्रकार हयात असेपर्यंत राहतो आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं वारसांकडे राहतो. धंद्यासाठी जाणूनबुजून चोरलेलं चित्र वापरलं, तर किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. "प्रेसवाल्यानंच दिलं होतं" एवढं म्हणून सुटका होत नाही, कारण माल आपण विकतो.

हिशोब करून बघू

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली ती अशा छापील चित्रांतून. ते १९०६ मध्ये वारले, म्हणजे मुदत केव्हाच संपली. त्यांचं मूळ चित्र वापरता येतं.

एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये वारले. त्यांची मुदत २००४ अखेर संपली.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांची मुदत २०३१ अखेरपर्यंत आहे. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांची २०३६ अखेरपर्यंत. या दोघांची चित्रं परवानगीशिवाय नकोत.

वारली शैलीत आपण स्वतः चित्र काढलं तर चालतं. पण जिव्या सोमा म्हसे यांचं चित्र जसंच्या तसं उचलता येत नाही. ते २०१८ मध्ये वारले.

एक सावधगिरी घ्या. जुन्या लक्ष्मीवर आजच्या कलाकारानं नवं काम केलं असेल, तर त्या नव्या कामावर त्याचा हक्क असतो.

ही चित्रं लेबलवर नकोतच

१९५० च्या बोधचिन्हांच्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांचं चित्र, तसंच राष्ट्रध्वज केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मालाच्या विक्रीसाठी वापरता येत नाही. इथे चित्र कितीही जुनं असलं तरी उपयोग नाही. आपल्या मनात आदर असतो, पण डब्यावर छापणं हा धंदा होतो. मुलांना आवडतात म्हणून टीव्हीवरची कार्टूनंही घेऊ नका.

मग चित्र आणायचं कुठून?

१. आपल्या मोबाईलवर फोटो काढा. आपल्याच बागेतलं डाळिंब, उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी. फोटोत कुणी ताई असेल तर तिची लेखी संमती घ्या.

२. गटातल्या मुलीकडून चित्र किंवा रांगोळी काढून घ्या.

३. इंटरनेटवरच्या मोफत चित्राखालची अट वाचा. "व्यावसायिक वापर नको" असं असेल तर सोडून द्या. "नाव द्या" असं असेल तर लेबलवर बारीक अक्षरात नाव छापा. त्या पानाचा फोटो काढून फाईलला ठेवा.

४. चित्रकाराला पैसे देऊन काढून घ्या आणि कागद करा. पैसे देऊन खास आपल्यासाठी काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याकडे येतो, तरी पुरावा म्हणून कागद हवाच. चित्रकाराच्या तयार चित्राचा हक्क घ्यायचा असेल, तर हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नाही, तर कायदा ५ वर्षंच धरतो.

कागद असा करा: "हे चित्र मी स्वतः काढले आहे. लेबल, पिशवी व जाहिरातीसाठी याचे सर्व हक्क मी ______ गटाला ______ वर्षांसाठी, संपूर्ण भारतासाठी देत आहे. मोबदला रु. ______ मिळाला." खाली सही, तारीख, दोन साक्षीदार.

वाईनबद्दल

द्राक्षाची वाईन घरी करून विकायचा विचार असेल, तर लेबल नंतरची गोष्ट. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय ती करताही येत नाही आणि विकताही येत नाही. सरबत, जेली, मनुके यांना ही अडचण नाही. त्यांना अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र लागते.

बैठकीत करा

प्रत्येकीनं आपल्या मालाचं एक लेबल आणावं. लेखनिक ताईंनी तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहावीत:

– चित्र कुणी काढलं?
– परवानगीचा कागद कुठे आहे?
– मुदत कधी संपते?

उत्तर मिळालं नाही, तर ते लेबल पुन्हा छापू नका. चित्र बदलायचा खर्च आज थोडा आहे, पण गटाचं नाव बाजारात झालं की तोच मोठा होतो.