अडकलेले मळसूत्र

मळसूत्राची सारी करामत घर्षणावर उभी आहे. स्क्रू किंवा बोल्ट आवळला, की त्याच्या दांड्यावर ताण येतो, आटे एकमेकांवर दाबले जातात आणि या दाबामुळेच तो आपोआप सैल होत नाही. जे घर्षण त्याला जागेवर धरून ठेवते, तेच तो काढताना आडवे येते. त्यात ओलावा शिरला, की अडचण वाढते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील अरुंद फट गच्च भरून जाते. अशा वेळी नुसताच जोर लावला, तर माथ्यावरची खाच झिजते, नाहीतर माथा तुटून दांडा आत राहतो.

झिजलेल्या खाचेचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे. हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या नावाने ओळखली जाणारी फुलीची खाच १९३६ सालच्या पेटंटांनंतर मोटारींच्या कारखान्यांत रूढ झाली. तिच्या भिंती किंचित उतरत्या असतात. म्हणून जोर फार झाला, की पेचकस वर उचलला जातो आणि खाचेच्या कडा खरवडतो. यावर ठोक्याचा पेचकस हे उत्तम हत्यार होय. त्याच्या मुठीवर हातोडी मारली, की आतील तिरप्या खोबणीमुळे ठोक्याचा काही भाग वळणात रूपांतरित होतो, आणि उरलेला भाग टोकाला खाचेत दाबून धरतो. ठोक्याच्या हादऱ्याने गंजही तडकतो.

माथा तुटल्यावर मात्र खरे कौशल्य लागते. जबलपूरसारख्या शहरात अशा कामाची परंपरा जुनी आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला, आणि १९६९ साली स्थापन झालेल्या वाहन निर्माणीतून ‘शक्तिमान’ मालमोटारी बाहेर पडल्या. कारखान्यातला फिटर तुटलेल्या दांड्याचा माथा प्रथम कानशीने सपाट करतो, बरोबर मध्यावर पंचाची खूण करतो आणि दांड्याच्या व्यासाच्या साधारण निम्म्या मापाचे भोक पाडतो. मध्य चुकला, तर पुढचे सगळेच चुकते. या भोकात एक्स्ट्रॅक्टर नावाचे निमुळते, डाव्या आट्यांचे हत्यार बसवतात. ते उलट दिशेने फिरवले, की स्वतः आत आत रुतते आणि दांड्याला सैल होण्याच्या दिशेने ओढते. कल्पना सुंदर आहे. परंतु हे हत्यार अतिशय कठीण पोलादाचे, म्हणून ठिसूळ असते. ते आतच मोडले, तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही, आणि पहिल्यापेक्षा दुसरी आपत्ती मोठी ठरते.

म्हणून जाणकार कारागीर आधी भेदक तेल सोडून वाट पाहतो. ते पुसून घेऊन मग भोवतालचा भाग तापवतो. १० मिलिमीटर व्यासाचे पोलादातले भोक २०० अंश सेल्सिअसने तापले, तर मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाने रुंदावते. एवढ्याने गंजाची पकड बहुधा सुटते. दांडा थोडा वर आलेला असेल, तर त्यावर नट वेल्डिंगने जोडतात: पान्ह्याला पकड मिळते आणि दांडाही तापतो.

याच जबलपूरच्या सराफ्यात जे काम चालते, तेथे हातोडी आणि वेल्डिंग दोन्ही निरुपयोगी. सोन्याला भोक पाडताना केसासारखे बारीक ड्रिल आत मोडते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्यासमोरही हाच प्रश्न असतो: पितळेच्या पट्टीत पोलादी स्क्रू तुटलेला. येथे हत्यार म्हणून कामी येते ती घरोघरची तुरटी. तुरटीचे कडक द्रावण आम्लधर्मी असते. ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात गरम ठेवून वस्तू त्यात बुडवली, की पोलादावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. काही तासांत, कधी दिवसभरात, तुकडा काळसर गाळ होऊन निघून जातो. सोने आणि पितळ जवळजवळ अबाधित राहतात व भोकातले आटेही शाबूत राहतात. मात्र इतर सर्व पोलादी भाग आधी काढून घ्यावे लागतात, अन्यथा तेही विरघळतील; आणि मोती असलेला दागिना या द्रावणात कधीही घालू नये, कारण आम्लाने मोत्याचे तेज जाते.

कुडीच्या फिरकीला मात्र तुरटीचा उपयोग नाही. दांडी सोन्याची आणि फिरकीही सोन्याची. द्रावणाने निवड करावी तरी कोणाची? घाम, साबण आणि तेल यांच्या थराने फिरकी अडकली असेल, तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ती बहुधा फिरते. दांडीच फिरकीत तुटली असेल, तर सोनार ती कापून नवी दांडी डाखाने जोडतो, तिच्यावर नव्याने आटे पाडतो, आणि कानशीखाली पडलेला चुरा जपून वेगळा ठेवतो.